घरचा पियानो क्लास आणि पाच चिंचोके

मी ठाण्यात घरीच पियानो शिकवते. पहिल्या वर्षी सहा मुलं होती आणि सहाही जण दर आठवड्याला जिथल्या तिथे. एकाला "घरी वाजवलंस का?" विचारलं की मान हलवायचा. शेवटी त्याच्या आईनेच सांगितलं, कीबोर्ड कपाटावर ठेवलाय, बाबा घरी असले की काढतो. बाबा रात्री नऊला यायचे.

तेव्हापासून नवीन मूल आलं की मी आधी विचारते, वाद्य घरात कुठे राहणार? स्टँडवर, वायर लावलेलं, जाता-येता हात पडेल असं हवं. सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालतो, पण पट्टी जोरात दाबली तर मोठा आणि हलकी दाबली तर बारीक आवाज यायला हवा. ही सोय नसेल तर मुलाचा हात मुकाच राहतो. ८८ वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोचा विषय पहिल्या ग्रेडच्या परीक्षेनंतर काढा. पहिल्याच दिवशी काढलात तर पालक दुसऱ्या दिवशी यायचे नाहीत.

पहिला महिना मी नोटेशनचं पुस्तक उघडतच नाही. काळ्या पट्ट्यांवर बसवते. पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीन (डावीकडून दोन आणि तीन अशा पाच काळ्या पट्ट्यांतली तिसरी) हा सा धरला, की पाचही काळ्या पट्ट्या म्हणजे सा रे ग प ध, भूप रागाचे स्वर. मूल काहीही वाजवो, बेसूर होत नाही. मी खालच्या सप्तकात काळी तीन आणि तिच्या वरची काळी एक पेडल दाबून धरून ठेवते, म्हणजे सा-प चा तानपुरा झाला. पुढच्या आठवड्यात त्याच पट्ट्या, पण सा काळी पाचला. आता मालकंसाचे स्वर. काळी एकला सा धरा, दुर्गा. पोरांना ही जादूच वाटते. घरी वाजवलं की आतल्या खोलीतल्या आज्या मात्र लगेच ओळखतात. एक आजी तर गुणगुणत बाहेर येऊन खुर्ची ओढून बसल्या, आणि त्या मुलीला घरचा श्रोता मिळाला तो कायमचा.

यात हाताचाही फायदा आहे. पियानोचा मोठा संगीतकार शोपाँ हात बसवायला पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि पांढरी सात अशी पाच बोटं ठेवायला सांगत असे. लांब बोटं उंच पट्ट्यांवर, अंगठा आणि करंगळी खाली. हात आपोआप गोल होतो. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर (पांढरी एकला सा) वाचायला सोपं, पण हाताला अवघड. आपण मात्र सगळे तिथूनच सुरू करतो.

आता खरी अडचण. वर्गातला अर्धा तास मिळतो, पण वाजवणं सुधारतं ते उरलेल्या सहा दिवसांत. "पान १४ ची प्रॅक्टिस कर" असं वहीत लिहिलंत, की मूल पहिल्यापासून सुरू करतं, चौथ्या मापात (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) अडखळतं, पुन्हा पहिल्यापासून. सुरुवात पाठ होते आणि शेवट कच्चा तो कच्चाच. मी लिहिते : "पान १४, शेवटची दोन मापं, फक्त डावा हात, पाच चिंचोके." पाच चिंचोके स्टँडच्या डावीकडे. बरोबर वाजलं की एक उजवीकडे. एक चूक, की सगळे परत डावीकडे. हळू वाजव, हळू वाजव असं मी वर्षभर ओरडत होते. चिंचोके आल्यावर पोरं आपणहून हळू वाजवायला लागली, कारण चौथ्या चिंचोक्यावर चुकणं फार जिवावर येतं.

परीक्षेचं पालक पहिल्याच भेटीत विचारतात. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी ९० गुण तीन तुकड्यांचे, म्हणजे तयार करून वाजवायच्या रचनांचे. स्केल्सचे (आरोह-अवरोहांचे) २१, साइट रीडिंगचे (न पाहिलेलं नोटेशन बघताच वाजवण्याचे) २१, कानाच्या चाचणीचे १८. आपण वर्षभर तीन तुकडे घासतो आणि साइट रीडिंग शेवटच्या पंधरवड्यात आठवतं. माझ्याकडे प्रत्येक वर्ग चार नव्या मापांनी सुरू होतो, चुका झाल्या तरी न थांबता. आणखी एक, सहाव्या ग्रेडला बसायचं तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिला चालणारी पर्यायी परीक्षा पास लागते. हे पालकांना चौथ्या ग्रेडलाच सांगून ठेवा.

फी महिन्याची, आगाऊ, चार वर्गांची. महिन्यात पाचवा वार आला तर तो बुडालेल्या वर्गांसाठी. हा नियम केल्यापासून गणपतीतल्या सुट्ट्यांवरून वाद झालेला नाही.

हॉल घेऊन वार्षिक कार्यक्रम मी एकदाच केला. खर्च आणि रडारड दोन्ही झेपेना. आता कोजागिरीला घरीच, मसाला दुधावर. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने क, ख, ग, घ अशा खुणा केलेल्या असतात आणि कुठल्याही खुणेपासून सुरू करायची सवय आधी लावलेली असते. अडकलं तर मागे यायचं नाही, पुढच्या खुणेवर उडी मारायची. गेल्या वर्षी एक मुलगी ख वरून थेट घ वर गेली, चेहरासुद्धा हलला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही म्हणून मी खूश. दूध पिता पिता तिच्या आजी म्हणाल्या, "काय गं, मधलं कडवं गाळलंस का?"