सागाचा, अंजनाचा सांधा सुटतो? कॉस्टिक सोडा लावण्याआधी या चुका टाळा

सुटलेला सांधा आधी निरखून पाहा. दोन्ही फळ्यांवर लाकडाचे तंतू उपटलेले असतील तर डिंकाने आपलं काम केलंय. एका फळीवर डिंकाची चकचकीत पापडी अख्खी उरली असेल, तर डिंक लाकडाला धरलाच नाही. साग तेलकट आणि अंजनाचं लाकूड इतकं घट्ट की डिंक आत मुरत नाही, म्हणून या दोघांत हे जास्त दिसतं.

पण पुष्कळदा दोष बोथट पात्याचा. बोथट रंधा लाकूड कापत नाही, दाबून गुळगुळीत करतो. पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा उभा राहिला तर धारदार रंध्याचा एक पातळ हात मारा आणि त्याच दिवशी चिकटवा; सागाचं तेल दिवसागणिक पुन्हा वर येतं. थेंब पसरला तर रसायन लागतच नाही.

सागाला तरीही गरज वाटली तर अ‍ॅसिटोन, म्हणजे तेल विरघळवणारं द्रव. फडकं पांढरं घ्या, रंग उतरायचा थांबेपर्यंत पुसा, दर वेळी नवी बाजू वापरा. नाहीतर तेल नुसतं पसरतं. पंधरा-वीस मिनिटांत चिकटवा. बिडी लांब ठेवा. रॉकेल नकोच, त्याचाच थर मागे राहतो.

एवढ्यानेही डिंक धरत नसेल तर कॉस्टिक सोड्याचं पाणी, 10 टक्क्यांचं: 900 मिली पाण्यात 100 ग्रॅम सोडा. सोडा पाण्यात थोडा थोडा टाका; सोड्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं. बादली प्लास्टिकची, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको. हातमोजे, चष्मा हवेतच. ब्रशने लावा, 10 मिनिटांनी पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: धुणं उरकून टाकतात. उरलेला सोडा युरिया रेझिन या डिंकात घट्ट होण्यासाठी मिसळतात त्या आम्लधर्मी हार्डनरला निकामी करतो, पांढऱ्या डिंकालाही बाधतो. घरातली हळद तपासणी करते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद ओल्या लाकडावर टेकवा. लालसर झाला तर पुन्हा धुवा. बाभूळ, खैर सोड्याने काळवंडतात, म्हणून दिसणाऱ्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नका.

धुतलेली फळी उन्हात टाकू नका, जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात तर नाहीच. वरून चिरा पडतात. सावलीत वाळवा. सोडा लावण्याआधी केलेल्या वजनावर ती परत आली की चिकटवा, तेही सकाळी लवकर. दुपारी क्लॅम्प आवळेपर्यंत डिंकावर साय धरलेली असते.