टूलकिट नंतर निवडा, आधी कॅनव्हास उघडून बघा

ओपन सोर्समध्ये मी शिरलो तो एका जुन्या टू-डी ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरच्या दारातून. इंटरफेस जीटीके 2 या जुन्या टूलकिटवर (टूलकिट म्हणजे खिडक्या, मेनू, बटणं बनवायचा तयार कोड), आयकॉन 16 पिक्सेलचे. फोर-के स्क्रीनवर ते भिंग घेऊन शोधावे लागत. इंटरफेस नव्या टूलकिटवर न्यायचं ठरलं. मला वाटलं, रंगरंगोटीचं काम आहे, दोन महिन्यांत उरकेल. उत्साहाच्या भरात सरळ इलेक्ट्रॉन सुचवलं, म्हणजे वेब तंत्रज्ञानावर डेस्कटॉप ॲप बनवायची चौकट. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एवढंच विचारलं, "आणि कॅनव्हासचं काय करणार?" मी गप्प.

मेनू, बटणं, डायलॉग कुठल्याही टूलकिटमध्ये होतात. डिझाइन सॉफ्टवेअरचा जीव असतो मधल्या मोकळ्या जागेत, जिथे चित्र काढलं जातं: तोच कॅनव्हास. आमच्याकडे माउसबरोबर ताणली जाणारी तात्पुरती रेषा एक्सऑरने (पिक्सेलचे बिट उलटवून) काढलेली होती: तीच रेषा त्याच जागी पुन्हा काढली की पुसली जाते, बाकीच्या चित्राला हात लावावा लागत नाही. मशीन मंद होती तेव्हाची ही हुशारी. पण जीटीके 3 ने ते जुने ड्रॉइंग फंक्शन काढून टाकले आणि सगळं कैरो या ड्रॉइंग लायब्ररीकडे सोपवलं. क्यूटी या दुसऱ्या टूलकिटमध्येही पेंट इव्हेंटच्या (पुन्हा रंगवण्याची वेळ झाल्याच्या सूचनेच्या) बाहेर विजेटवर, म्हणजे इंटरफेसच्या घटकावर, काही काढता येत नाही. म्हणजे काहीही निवडलं तरी हा भाग नव्याने लिहिणं आलंच.

म्हणून पहिलं काम ठरलं ते भूमितीचा कोड विंडोच्या कोडपासून सोडवण्याचं. दोन बिंदूंमधलं अंतर मोजणारं आमचं फंक्शन उत्तर परत देण्याऐवजी थेट स्टेटसबारमध्ये लिहीत होतं! असे गुंते सोडवण्यात चार महिने गेले. कंटाळवाणं आहे, पण नवख्याने हेच काम मागून घ्यावं. त्या निमित्ताने सगळा कोड नजरेखालून जातो, आणि मोडलं तर लगेच कळतं.

मग निवडीला बसलो. इलेक्ट्रॉन मीच मागे घेतलं. सगळं गणित सी++ मध्ये असताना मध्ये जावास्क्रिप्टचा पूल कशाला बांधायचा? डियर आयएमजीयूआय या हलक्या टूलकिटचा मोह बराच झाला, पण त्यात 'क्षेत्र' लिहिलं तर जोडाक्षरं जुळेनात, क आणि ष मध्ये हलंत नुसता लटकलेला. जीटीकेतच राहून वर चढावं, असंही काहींचं म्हणणं होतं. पण डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या जीटीके 4 मधून जुने मेनूबार आणि टूलबार विजेटच गेले आहेत. शिवाय गिंप या चित्रसंपादकाचं उदाहरण समोर होतं. जीटीके जन्मलं तेच गिंपसाठी, नावातला 'जी' त्याचाच. तरी जीटीके 3 आलं 2011 मध्ये आणि त्यावरचं गिंप 3.0 मार्च 2025 मध्ये. घरच्या टूलकिटची ही कथा, तर आमच्यासारख्या पाच जणांचं काय! डब्ल्यूएक्सविजेट्स हे टूलकिटही वाईट नाही, सर्किट डिझाइनचं किकॅड त्यावरच चालतं. पण ते प्रत्येक सिस्टीमचे मूळ विजेट वापरतं, त्यामुळे बगही तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे, आणि आमच्यात मॅकवाला एकच.

शेवटी क्यूटी विजेट्स. कारण फारसं थोर नाही: फ्रीकॅड, लिब्रेकॅड, स्क्रायबस, क्रिता हे ओपन सोर्स डिझाइन प्रोग्राम सगळे क्यूटीवर आहेत, अडलं की त्यांचा कोड उघडून बघता येतो. लायसन्स मात्र आधी तपासा. क्यूटी चार्ट्ससारखे काही जोड-मॉड्यूल फुकटात फक्त जीपीएल 3 या ओपन सोर्स लायसन्सखाली मिळतात. तुमचा प्रकल्प 'फक्त जीपीएल 2' असेल तर ते वापरता येत नाहीत.

पोर्ट, म्हणजे क्यूटीवर नेण्याचं काम, चालू झाल्यावर पहिला झटका माझ्याच लॅपटॉपवर बसला. रेषेवर क्लिक करावं तर भलतीच रेषा निवडली जायची. बाकी कुणाकडे हे होईना. माझं स्केलिंग 200 टक्के होतं. क्यूटी माउसची जागा तार्किक (स्केलिंगआधीच्या) पिक्सेलमध्ये देतं, चित्र काढणाऱ्या ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीचा बफर (पिक्सेल साठवायची जागा) मात्र खऱ्या पिक्सेलमध्ये. मी (400, 300) वर टिचकी मारली की वाचायला हवा होता (800, 600) चा पिक्सेल. गुणाकार घातला, तर निवड उलटीपालटी: वर क्लिक केलं की खालची रेषा, कारण ओपनजीएल उंची खालून मोजतं. दोन संध्याकाळी घालवल्या, बदल दोन ओळींचा. 125 टक्क्यांवर अजूनही अधूनमधून चुकतं. अपूर्णांकांच्या राउंडिंगचा संशय आहे.