व्हेपऐवजी निकोटीन गम : माझा अनुभव

सिगारेट सोडायची म्हटल्यावर लातूरचे मित्र म्हणाले, व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घे. पण 2019च्या कायद्यानं आपल्याकडं ई-सिगारेटच्या विक्रीवरच बंदी आहे, म्हणून मी निकोटीन गम, म्हणजे तलफ आवरायला चघळायचा निकोटीनचा च्युइंगगम, निवडला. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागायची. अशांना डॉक्टर 4 मिलिग्रॅमचा देतात, बाकीच्यांना 2 पुरतो.

खरी मेख चघळण्यात आहे. सावकाश चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. भराभर चावला तर उचकी लागते, मळमळतं. आणि चहा! आमच्याकडं टपरीवर चहा-सिगारेट जोडीनंच चालते, पण गमच्या आधी 15 मिनिटं चहा नकोच. नाहीतर गममधलं निकोटीन तोंडात नीट शोषलं जात नाही. हे पाळलं तेव्हाच माझी तलफ आवरली. 1800-11-2356 या सरकारी क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) समुपदेशन मोफत मिळतं.