थंडीत घोड्याला चूर्णाआधी पाणी पाजा

मार्गशीर्ष लागला की खानदेशात घोड्यांची ये-जा वाढते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा बाजार, पाठोपाठ नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा, मधे लग्नसराई. नेमक्या याच दिवसांत पोटशुळाने घोडे जातात आणि हे दरवर्षी पाहावं लागतं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं बाजारचा दाणा बाधला. मी विचारतो, काल दिवसभरात किती पाणी प्यायला? त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, किती दिली ते पावशेरापर्यंत सांगतात, कोणतं चूर्ण दिलं त्याचा डबा आणून दाखवतात, पण पाणी कुणी मोजलेलं नसतं.

हिशोब साधा आहे. ४०० किलो वजनाच्या घोड्याला वैरण आणि चंदी मिळून दिवसाला साधारण ८ किलो कोरडं खाद्य लागतं. पावसाळ्यात तो ३० किलो हिरवं गवत खातो तेव्हा त्या गवतातूनच वीस-बावीस लिटर पाणी पोटात जातं. बादलीला तोंड कमी लावलं तरी भागतं. कार्तिक सरला, गवत वाळलं, दावणीत कडबा आला. ८ किलो कडब्यात जेमतेम लिटरभर पाणी असतं. म्हणजे वीस लिटर एकाएकी तुटले, आणि त्याच वेळी धुळे-नंदुरबारकडे पारा दहाच्या खाली उतरलेला, टाकीतलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार. घोडा दोन घोट घेतो आणि तोंड काढतो. मालक म्हणतो, ‘भाऊ, थंडीत याला तहानच लागत नाही.’ तहान असते, त्याला गार पाणी नको असतं.

घोड्याला रवंथ नाही आणि त्याला उलटीही करता येत नाही. खाल्लेला कडबा मोठ्या आतड्यात जाऊन कुजतो, तिथेच त्याची ताकद निघते, आणि त्यासाठी तिथे भरपूर पाणी लागतं. याच आतड्याला एक वळण आहे, तिथे ते एकदम अरुंद होतं. पाणी कमी पडलं की कडब्याचा लगदा घट्ट होतो आणि त्या वळणावर अडतो. मागून खाणं येत राहतं, वायू साठतो, आतडं ताणलं जातं आणि घोडा लोळायला लागतो. हे एका दिवसात होत नाही. दोन-तीन दिवस आधी लीद सांगत असते. निरोगी लीद जमिनीवर पडली की फुटते, आत ओल दिसते. पाणी कमी पडलेल्या घोड्याची लीद लहान, कडक, गडद असते, वरून चिकट चकाकी असते आणि पडली तरी गोळा तसाच राहतो. सकाळी तबेला झाडताना हे गोळे हातात घेऊन फोडून पाहा. दिवसातून सहा ते दहा वेळा लीद पडायला हवी. तीनच ढीग दिसले तर त्या दिवशी चंदी बंद, पाणी सुरू.

थंडीत बसून असलेल्या घोड्याला दिवसाला किमान वीस-पंचवीस लिटर पाणी हवं, वरातीच्या किंवा टांग्याच्या घोड्याला तीस-चाळीस. बादली एकदा मापून घ्या आणि आतून रंगाची खूण करा. नुसतं ‘दोन वेळा दाखवलं’ म्हणजे पाजलं असं होत नाही.

पाणी कोमट असावं, गरम नको. चूल पेटवायचीही गरज नाही. विहिरीचं किंवा बोअरचं नुकतं उपसलेलं पाणी थंडीतल्या सकाळी कोमटच असतं, रात्रभर उघड्या टाकीत राहिलेलं पाणी गार होतं. मोटर सुरू केली की पहिली बादली घोड्याची. रात्री नऊ-दहाला झोपण्याआधी आणखी एक बादली. ही रात्रीची बादली सगळ्यात जास्त चुकते, कारण घोडा रात्रभर कडबा खातो आणि पहाटेपर्यंत कोरडाच राहतो. मला सापडलेले बहुतेक शूळ पहाटेचे आहेत. त्याला पुस्तकात आधार आहे की नाही हा भाग वेगळा, पण रात्रीची बादली सुरू केलेल्या तबेल्यांतून पहाटेचे फोन कमी झाले.

मीठ रोज द्या. वजनाच्या दर १०० किलोमागे १० ग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ४० ग्रॅम साधं मीठ दोन वेळच्या चंदीत विभागून. घाम गाळणाऱ्याला थोडं वाढवा. मीठ पोटात गेलं की घोडा आपणहून पाणी मागतो. समोर पाणी नसताना मात्र मीठ देऊ नका.

संध्याकाळची कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला कडबा, भिजवून द्या. पाटीभर कुट्टीवर बादलीभर पाणी ओता, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग पुढ्यात ठेवा. खाता खाता पाच-सहा लिटर पाणी पोटात जातं. सकाळी उरलेलं फेकून द्या, आंबलेलं पुन्हा घालू नका. हरभराही भिजवूनच. कामावरून घामाघूम आलेल्या घोड्याला ‘घाम जिरल्याशिवाय पाणी नाही’ म्हणून तासभर तहानलेला बांधतात आणि मग पाजायचं विसरतात. त्यापेक्षा हातात धरून चालवा, दर पाच मिनिटांनी थोडं थोडं पाजा.

बाजाराला निघणाऱ्यांना विशेष सांगणं आहे. पोट आत ओढलेलं दिसावं, घोडा उठून दिसावा म्हणून आदल्या दिवशी पाणी तोडू नका. गाडीत उभ्या घोड्याला दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. बाजारतळावरच्या टँकरच्या पाण्याला वेगळा वास येतो, नवा घोडा ते पीत नाही. घरी असतानाच आठवडाभर रोज बादलीत सुपारीएवढा गूळ विरघळवून पाजा, तिथे गेल्यावरही तसाच घाला, म्हणजे ओळखीच्या चवीने तो पाणी घेतो. आणि आपली वैरण बरोबर न्या. नवी वैरण किंवा नवी चंदी एकदम बदलली तर आतड्यातले जिवाणू मरतात. बदल सात ते दहा दिवसांत, रोज थोडा थोडा. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त दाणा कोणत्याही घोड्याला नको.

आता वनौषधींकडे वळतो, कारण विचारणा त्याचीच जास्त होते.

ओवा, सुंठ आणि बडीशेप समभाग कुटून त्यातले वीसेक ग्रॅम संध्याकाळच्या ओल्या चंदीत आठवड्यातून दोन-तीनदा द्यावेत, असा आमच्याकडचा रिवाज आहे. वायू सरतो, तोंडाला रुची येते, असं मलाही दिसलं आहे. सरकारी मात्रा म्हणून हे लिहीत नाही, अनुभव म्हणून लिहितो. मेथीदाणा मूठभर चालतो, त्याच्या वासाने हट्टी घोडा नवी चंदी खातो. यातलं काहीही अडलेली लीद सोडवत नाही.

जवस उत्तम. ५० ते १०० ग्रॅम, भरपूर पाण्यात चांगले उकळून, बुळबुळीत खळीसकट. कच्चे जवस रात्रभर कोमट पाण्यात भिजवून देऊ नका, त्यात विषारी सायनाइड सुटतं.

इसबगोल माती-वाळूसाठी. माथेरानच्या लाल मातीत किंवा नदीकाठच्या वाळूत भुईवर वैरण टाकली की माती पोटात साठते. सहा गोळे लीद जमिनीला न लागता उचला, प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्यात कालवून वीस मिनिटं टांगून ठेवा. तळाला चमचाभराहून जास्त वाळू बसली तर वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम इसबगोल, म्हणजे ४०० किलोला ४०० ग्रॅम रोज, सात दिवस, आणि महिन्यातून एकदा असा आठवडा. माणसांसाठीचे छोटे खोके घेऊ नका, महाग पडतात. गुजरातेतल्या उंझ्याहून येणारा सुटा माल किराण्याच्या ठोक दुकानात मिळतो. आणि इथेही तेच: इसबगोल पाणी ओढून फुगतं. पाणी न पाजता दिलं तर त्याचाच बोळा होतो.

लसूण-कांदा पोटासाठी म्हणून देऊ नका. थोडा चालून जातो, पण रोजच्या मात्रेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि घोडा पांढरा पडतो. गव्हाचा कोंडा आठवड्यातून एकदा ओला करून ठीक. रोज दिला तर त्यातलं फॉस्फरस हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. लसूणघास (हा लसूण नव्हे, ल्यूसर्न नावाचा चारा) मिळत असेल तर किलो-दीड किलो रोज द्या, कामावर नेण्याआधी दिलेला चांगला. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, लसूणघास ते शमवतो. मला विचाराल तर दुकानातल्या कोणत्याही पाचक डब्यापेक्षा ही पेंढी मोलाची.

त्या डब्यांबद्दल स्पष्टच सांगतो. बाजारतळावर यंदाही प्रोबायोटिक, लिव्हर टॉनिक, ‘विदेशी डायजेस्टिव्ह’ यांचे तंबू लागतील. जिवंत यीस्टने तंतुमय चारा थोडा बरा पचतो, हे खरं आहे. पण ज्या डब्यावर कोणता जीव आहे, एका ग्रॅममध्ये किती आहे आणि तो कधीपर्यंत जिवंत राहील हे छापलेलं नाही, तो डबा घेऊ नका. उन्हात तापलेल्या तंबूत ठेवलेला डबा तर मुळीच नको. विक्रेता लीद बघायला तुमच्या तबेल्यात येत नाही, त्याला घोडा किती पाणी पितो हेही माहीत नसतं. त्या पैशात दोन मोठ्या बादल्या, पोतंभर मीठ आणि महिन्याचा लसूणघास येतो.

गाई-म्हशींचं तयार पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य घोड्याच्या तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीत) कधीही जाऊ देऊ नका. त्यात काही वेळा मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळलेली असतात. गाईला चालणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडते. उतारा नाही. घमेलं आणि तोबरासुद्धा वेगळा ठेवा.

अवकाळीत भिजून काळा पडलेला कडबा, बुरशी आलेला मका टाकून द्या. वरचा थर काढून आतला घालू नका. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत घोडा चरायला सोडू नका.

या महिन्याची नेहमीची कामं:
• दात पशुवैद्यकाकडून तपासून त्यांच्या धारदार कडा घासून घेणे. चघळलेल्या वैरणीचे बोळे तोंडातून पडत असतील तर लगेच
• लीद तपासून जंतनाशक. आयव्हरमेक्टिन दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तोंडावाटेच. गुरांचं इंजेक्शन टोचू नये
• पुढच्या पायांच्या केसांवरची माशीची पिवळी अंडी खरवडणे
• खूर, नाल, खरारा
• बादली, तोबरा रोज धुणे
• वैरण भुईवर न टाकता गव्हाणीत

शूळ झाला हे ओळखा: घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे बघतो, वरचा ओठ उचलतो, घाम फुटतो, बसतो-उठतो, लोळतो. कान कुशीला लावा, दोन्ही बाजूंनी गुडगुड ऐकू यायला हवी. काहीच ऐकू येत नसेल तर वाट पाहू नका. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटाखाली नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. निवांत घोड्याची २८ ते ४४ असते. साठीच्या वर गेली आणि हिरड्या कोरड्या, लालभडक किंवा निळसर दिसल्या तर ती घटकाभराची वेळ आहे. सरकारी पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा, तालुक्याच्या पशुवैद्यकाला बोलवा. वाई-पाचगणीकडच्यांना शिरवळचं आणि माळेगावच्या बाजूला परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. नाडी किती, शेवटची लीद कधी आणि कशी, काल पाणी किती, हे फोनवरच सांगा.

तोवर वैरण-चंदी पुढून काढा. सोसत असेल तर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा, तासन्‌तास फिरवून दमवू नका.

आणि बाटलीने काही पाजू नका. तोंड वर बांधून हिंग-तेल, टर्पेंटाइन, ताक, सोडा, देशी दारू ओततात. कळा येणाऱ्या घोड्याला तसं नीट गिळता येत नाही, ते फुप्फुसात उतरतं. शूळ सुटलेला घोडा चार दिवसांनी नाकातून घाण वाहत, धापा टाकत गेलेला मी पाहिला आहे. तेल द्यायचंच तर पशुवैद्यक नाकातून जठरात नळी घालून लिक्विड पॅराफिन देतात, दोन ते चार लिटर, आणि त्याच नळीतून पाणीही. वेदनेचं इंजेक्शनही त्यांच्याच हातचं. आधीच टोचलं तर घोडा शांत दिसतो आणि आतडं मात्र काळं पडत जातं.

शूळ सुटून मऊ लीद पडली तरी त्या दिवशी चंदी नको. कोमट पाणी समोर ठेवा, मूठ-मूठ हिरवं गवत किंवा भिजवलेला लसूणघास दर दोन तासांनी द्या. दुसऱ्या दिवशी भिजवलेली कुट्टी थोडी थोडी. चंदी तिसऱ्या दिवसापासून नेहमीच्या पाव मापाने, आठवड्यात पूर्ववत, आणि रात्रीची बादली पहिल्या रात्रीपासूनच.