स्पेनमध्ये यजमान कुटुंबाकडे राहताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून एका सेमिस्टरसाठी सेविया, ग्रानादा किंवा सालामांकाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना स्पॅनिश व्याकरण फारसं नडत नाही, नडते ती भीड. "चालेल", "असू दे", "काही प्रॉब्लेम नाही" म्हणत पहिले पंधरा दिवस ढकलायचे आणि मग अर्धपोटी, वैतागून कोऑर्डिनेटरकडे जायचं, असं वारंवार होतं. स्पॅनिश घरात नीट शब्दांत सांगितलेली अडचण कुणी मनाला लावून घेत नाही. न बोलणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं, हे मात्र त्यांना कळत नाही. खालच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

"मी व्हेज आहे" एवढंच सांगणं

फॉर्मवर 'शाकाहारी'समोर खूण केली म्हणजे काम झालं असं समजू नका. अनेक घरांत, विशेषतः वयस्क यजमानीणबाईंच्या स्वयंपाकात, 'कार्ने' म्हणजे ताटात दिसणारा मांसाचा तुकडा. खामोनचे (डुकराच्या मांसाचे खारवलेले काप) बारीक तुकडे, ट्यूना मासा, कोंबडीचं किंवा हाडांचं पाणी यांना त्या मांस म्हणतीलच असं नाही. त्यामुळे मसुराच्या लेन्तेखासमध्ये चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज शिजलेलं असतं, क्रोकेतास या तळलेल्या कटलेटच्या पांढऱ्या सारणात खामोन असतो आणि एन्सालादिया रुसा या बटाट्याच्या सॅलडमध्ये ट्यूना. यात फसवाफसवी नसते, त्यांच्या लेखी तो पदार्थ बिनमांसाचाच असतो.

म्हणून पहिल्याच दिवशी एकेक नाव घेऊन सांगा: "नो कोमो कार्ने, नि खामोन, नि पोयो, नि पेस्कादो, नि आतून, नि काल्दो दे कार्ने." म्हणजे मी मांस, खामोन, कोंबडी, मासे, ट्यूना, मांसाचं पाणी यातलं काहीच खात नाही. हेच कागदावर लिहून फ्रिजवर लावायला द्या. लेन्तेखासमधला चोरिथो बाजूला काढून उपयोग नसतो, त्याची चरबी रश्श्यात उतरलेली असते. तो शिजवतानाच घालू नये, हे सांगावं लागतं.

अंडं खात नसाल तर ते जाण्याआधीच एजन्सीमार्फत कळवा. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, मेयोनेज, फ्लान म्हणजे अंड्या-दुधाचं पुडिंग, घरचा केक हे सगळंच बाद होत असल्यामुळे यजमानीणबाईंना पूर्ण आठवड्याचा बेत बदलावा लागतो. कांदा-लसूणही वर्ज्य असेल, तर आमचं स्पष्ट मत असं की यजमान कुटुंब घेऊ नये, स्वयंपाकघर वापरता येईल अशी खोली घ्यावी. तिथल्या भाज्या, डाळी आणि भात यांची सुरुवातच बहुतेक वेळा कांदा-लसूण-टोमॅटो परतून होते.

काय चालत नाही याच्या जोडीला काय आवडतं हेही सांगितलं, की त्यांचं काम हलकं होतं. भाज्यांचा पिस्तो, टोमॅटो चोळलेला पाव म्हणजे पान कोन तोमाते, गास्पाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, सेवियात हमखास मिळणारे पालक-छोले म्हणजे एस्पिनाकास कोन गार्बान्थोस, आणि अंडं चालत असेल तर तोर्तिया दे पातातास. साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटो-पावाचं घट्ट थंड सूप मागवताना वर पेरलेला खामोन नको म्हणून सांगा.

चतुर्थी-एकादशीचा उपास असेल तर आदल्या दिवशी सांगा आणि उकडलेले बटाटे, फळं, दही चालेल हेही सांगा. ऐनवेळी ताट परत केलं, तर पोरगी आजारी आहे किंवा आपल्या हातचं आवडलं नाही, असा अर्थ निघतो.

भुकेचं वेळापत्रक न बदलणं

सकाळी कॉफी आणि टोस्ट एवढंच असतं. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी 2 ते 3:30च्या दरम्यान, तर रात्रीचं 9 ते 10ला आणि बेताचं. आपल्या सवयीने 8लाच पोटात कावळे ओरडायला लागतात, मग विद्यार्थी खोलीत बिस्किटं खातात आणि जेवायला बसल्यावर दोन घास खाऊन उठतात. मग यजमानीणबाई दुसऱ्या दिवशी कमी वाढतात, आणि इथून "जेवण पुरत नाही" ही तक्रार सुरू होते. त्यापेक्षा 11च्या सुट्टीत तोर्तियाचा तुकडा किंवा टोस्ट आणि संध्याकाळी 6च्या सुमारास फळ-दही, असं खाणं वाटून घ्या. तरीही पुरत नसेल तर "मे केदो कोन आम्ब्रे", म्हणजे माझी भूक राहते, हे सरळ सांगा.

करारात 'मेदिया पेन्सिऑन' (अर्धं जेवणखाण) आहे की 'पेन्सिऑन कोम्प्लेता' (सगळी जेवणं धरून), हे नीट वाचा. पहिल्यात सहसा नाश्ता आणि एकच जेवण असतं, आणि ते दुपारचं की रात्रीचं हे घरागणिक बदलतं. जेवायला येणार नसाल तर सकाळीच मेसेज टाका.

जेवण झाल्याझाल्या ताट उचलून खोलीत जाऊ नका. जेवणानंतर टेबलावरच गप्पा मारत बसण्याला 'सोब्रेमेसा' म्हणतात, आणि वर्गात मिळत नाही ती भाषा तिथे फुकट मिळते. चौघं एकदम आणि मोठ्याने बोलतात, ते भांडण नसतं.

घरून येणाऱ्या फोनचंही भान ठेवा. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा ते साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिथले दुपारचे 3 ते 5, म्हणजे जेवणाची किंवा वामकुक्षीची वेळ. आईबाबांना रात्री 9 नंतर फोन करायला सांगा, हिवाळ्यात 10 नंतर.

बाथरूम आपल्या पद्धतीने वापरणं

तिथल्या बहुतेक बाथरूमच्या फरशीला पाणी जायला जाळी नसते. बादली-तांब्याने अंघोळ केली किंवा शॉवरचा पडदा टबाच्या बाहेर सोडला, की पाणी साचतं आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येते. पडदा टबाच्या आत घ्या आणि निघताना फरशी पुसा.

गरम पाणी टाकीतून येत असेल तर तेही मोजकं असतं. 50 लिटरच्या टाकीत 60 अंशांचं पाणी असेल तर थंड मिसळून साधारण दहा मिनिटांचा शॉवर होतो. टाकी रिकामी झाली की 1500 वॉटच्या कॉइलला ती पुन्हा तापवायला पावणेदोन तास लागतात. तुमच्यामागून अंघोळ करणाऱ्याला थंड पाणी मिळालं तर कारण हेच. पाच मिनिटांत आटपा, आणि कुणाचा नंबर कधी हे विचारून घ्या.

खोबरेल तेल लावून त्यांच्या उशीवर झोपू नका, डाग निघत नाहीत. स्वतःचा अभ्रा आणि एक जुना टॉवेल न्या. घरात अनवाणी फिरणं अनेकांना खटकतं, सपाता घाला.

विजेचा अंदाज नसणं

घरात किती किलोवॉट एकदम वापरता येतील हे कराराने ठरलेलं असतं, आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये ते 3 ते 5च्या आसपास असतं. ओव्हन आणि वॉशिंग मशीन चालू असताना खोलीतला 2000 वॉटचा हीटर लावला की अख्ख्या घराचे दिवे जातात. असं झालं तर आधी हीटर काढा, घरच्यांना सांगा, मग दाराजवळच्या पेटीतला मुख्य स्विच वर करा. सेवियाच्या जुन्या घरांत हिवाळ्यात बाहेरपेक्षा आत जास्त गारठा वाटतो, पण म्हणून न विचारता हीटर विकत आणू नका. आधी जादा ब्लँकेट मागा. पाणी तापवायचा रॉड तर भारतातून नेऊच नका.

वॉशिंग मशीन कधी लावायचं हेही विचारा. अनेक करारांत कामाच्या दिवशी सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी 6 ते 10 वीज सर्वांत महाग असते, मध्यरात्रीपासून सकाळी 8पर्यंत आणि शनिवार-रविवारी स्वस्त.

न विचारता फोडणी देणं

राहण्याच्या पैशांत स्वयंपाकघर धरलेलं असेलच असं नाही. परवानगी मिळाली तरी आधी शेगडी बघा. काचेच्या शेगडीवर गोल बुडाची कढई बसत नाही, आणि इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. फोडणीआधी चिमणी सुरू करा, स्वयंपाकघराचं दार लावा. ओट्यावर हळद सांडली तर लगेच पुसा.

भेटवस्तू म्हणून पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. आंबे आणि कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. चिक्की, भाजलेले काजू, मसाले न्या.

न कळताच "सी, सी" (हो, हो) म्हणणं

अंदालुसियात, म्हणजे सेविया-ग्रानादाच्या दक्षिणेकडच्या प्रांतात, शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, त्यामुळे चांगली तयारी असलेल्यालाही सुरुवातीला समजत नाही. तरी मान डोलवली जाते, आणि आपलं ते डोलवणं होकार की नकार हे त्यांना उमगत नाही. तोंडाने 'सी' किंवा 'नो' म्हणा. कळलं नाही तर "मास देस्पासिओ, पोर फावोर" (जरा सावकाश बोला) म्हणा, आणि वेळ, पत्ता, किल्लीबद्दलची सूचना स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवा. किल्लीचं एक लक्षात ठेवा: आतून कुलपात किल्ली अडकवून झोपलात तर बऱ्याच कुलपांत बाहेरच्याला दार उघडता येत नाही.

कागदपत्रं आणि घर बदलणं

सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर असाल तर स्पेनमध्ये पोचल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे 'तिए'साठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी बहुधा पालिकेत पत्त्याची नोंद लागते आणि त्या नोंदीला घरमालकाची संमती. सगळीच कुटुंबं ती देत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधीच लेखी विचारा.

जेवण, वेळ, थंडी याबद्दल आधी घरच्यांशी बोला, आठवडाभर वाट पाहा. अस्वच्छता, असुरक्षितता किंवा ठरलेल्यापेक्षा वेगळी खोली असेल तर थांबू नका, त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला ईमेल करा. "घर चांगलं नाही" असं मोघम न लिहिता तारीख, काय झालं, कोणाला काय सांगितलं हे लिहा आणि फोटो जोडा. नवं घर लेखी पक्कं होईपर्यंत जुनं सोडू नका, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का हे करारातून आधी तपासा.