चावरा साप हाताळताय? या चुका टाळा

जिलबीला घरी येऊन तीन आठवडे होत नाहीत तोवर ती मला दोनदा चावली होती. जिलबी म्हणजे माझ्या मुलाने हट्ट करून आणलेली बॉल पायथन, तेव्हा जेमतेम दोन फुटांची. घाबरली की डोकं आत आणि बाहेर नुसती वळणं, म्हणून हे नाव. आम्ही टेक्ससमध्ये राहतो, इथे हा बिनविषारी साप पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला तर ती म्हणाली, "अगं, नागपंचमीला पाटावर काढतो तेवढा पुरे नव्हता का?"

दोन्ही वेळा चूक माझीच होती, पण एकच चूक दोनदा केली नव्हती. हे कळायला मला वेळ लागला, आणि तोवर मी एका चाव्याचं औषध दुसऱ्याला देत बसले.

भीतीचा चावा आणि भुकेचा चावा

पहिल्यांदा मी तिच्या लपायच्या डबीचं झाकण उचललं आणि वरून थेट हात घातला. वरून येणारी वस्तू म्हणजे सापाच्या लेखी घार किंवा ससाणा. तिने मान इंग्रजी 'एस'सारखी मागे घेतली, फुसकारली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत डसून मोकळीही झाली. बोटावर टाचणीने टोचल्यासारखे सहा-सात ठिपके, रक्ताचे दोन थेंब. बस्स.

दुसऱ्यांदा ती सोडेचना. उंदीर खायला द्यायचा दिवस होता. फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात ठेवून ऊबदार केला, हात नॅपकिनला पुसले आणि पाण्याचं भांडं सरळ करायला म्हणून काचपेटीत हात घातला. तिने अंगठ्याचं मूळ धरलं आणि मनगटाला दोन वेढे घातले. तिचं काय चुकलं? बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. ऊबदार, हलणारी आणि उंदराचा वास येणारी वस्तू तिच्या हिशेबी उंदीरच.

तेव्हा आधी हे ओळखा. डसून लगेच सोडलं, त्याआधी मान आखडली, फुत्कार टाकला, तर ती भीती. काही इशारा न देता झडप घातली, धरून ठेवलं, वेढा घातला, तर ती भूक. भीतीला उपाय म्हणजे लपायला अंगासरशी बसणाऱ्या दोन जागा, कमी हाताळणी आणि बाजूने सावकाश येणारा हात. भुकेला यातलं काही लागू पडत नाही. घाबरलीय असं समजून मी दहा दिवस तिला हात लावला नाही. मग पेटी उघडली की फक्त जेवणच येतं, हे तिच्या डोक्यात आणखी पक्कं बसलं.

त्यावर आम्हाला उपयोगी पडली ती किचन टॉवेलची रिकामी पुठ्ठ्याची नळी. अनुभवी मंडळी साप उचलायचा आकडा (हुक) वापरतात, लहान सापाला नळी चालते. हात घालण्याआधी नळीने अंगावर, मानेच्या बरंच मागे, हलकेच घासायचं. भुकेच्या तंद्रीत असली तर डोकं एका जागी रोखलेलं असतं आणि हालचालीबरोबर वळतं. नळी लागली की मान थोडी मागे जाते, मग सैल पडते, आणि जीभ सावकाश, लांब बाहेर यायला लागते. तेव्हा अंगाच्या मधोमध दोन्ही हातांनी उचलायचं. डोक्याशी जायचंच नाही. खायला देताना मात्र नळी नाही, लांब चिमटा. हा फरक कधीही मोडायचा नाही.

आणि हात पुसणं म्हणजे हात धुणं नव्हे. साबणाने, आधीही आणि नंतरही. नंतर अशासाठी की सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तर साप हातात देऊच नये.

खायला वेगळ्या डब्यात नेणं

"पेटीत खायला दिलं की साप पेटीत येणाऱ्या हाताला चावतो," हा सल्ला मला तिघांनी दिला. मला तो पटत नाही. खाऊन झाल्यावर साप अजून शिकारीच्या तोऱ्यातच असतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला उचलून परत न्यावं लागतं. शिवाय भरल्या पोटी हलवलं तर तो गिळलेलं ओकूनही टाकतो. खाल्ल्यावर निदान दोन दिवस हात लावू नये.

धरला की हात ओढणं

हे सगळ्यांकडून होतं, कारण हात आपोआप मागे जातो. पण सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, गळासारखे. ओढलं की आपली कातडी फाटते, त्याचे दात मोडतात आणि पुढे त्याच्या तोंडात पू होऊ शकतो. मी त्या दिवशी ओरडले भरपूर, पण मुलाने माझं कोपर घट्ट धरून ठेवलं म्हणून हात जागेवर राहिला. नळाखाली जाऊन तिच्या तोंडावर गार पाण्याची बारीक धार सोडली, अर्ध्या मिनिटात तोंड सुटलं. वेढा असेल तर शेपटीकडून उलगडायचा, ताकद तिथेच कमी असते. नंतर जखम साबण-पाण्याने धुवा, आत दात राहिलाय का पाहा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा. चावा चेहऱ्याला, डोळ्याजवळ असेल किंवा लाली आणि सूज वाढत असेल तर डॉक्टरकडे जा.

नको त्या वेळी उचलणं

नवा साप आणल्यावर एक-दोन आठवडे त्याला बघायचं फक्त. तो नीट खायला लागेपर्यंत नातेवाइकांना दाखवायचा मोह आवरा. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ, निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही. तेव्हाही नको. माझ्या पहिल्या चाव्याच्या वेळी जिलबीचे डोळे असेच होते. मला वाटलं, जातच तशी असेल.

हातमोज्यांचं म्हणाल तर मी बागकामाचे जाड मोजे घालून पाहिले. हात थरथरायचा थांबला हे खरं, पण आपण किती दाबतोय तेच कळेना, आणि दाबलेला साप चावणारच. आता मोजे नाहीत. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. नुसती झडप दाखवली म्हणून लगेच परत ठेवत नाही, नाहीतर चावलं की सुटका होते हे ती शिकेल. ती जरा सैलावली की मगच ठेवते.

सगळं स्वभावावर ढकलणं

गरीब साप एकाएकी चावायला लागला तर आधी पेटी तपासा. बॉल पायथनला ऊबदार बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सियस लागतं, दुसऱ्या बाजूला २५-२६. थर्मोस्टॅट नसलेला हीटर साप भाजूही शकतो. खवल्यांखाली काळे बारीक ठिपके फिरताना दिसले तर ते पिसवांसारखे माइट. श्वासाला घरघर असेल, तोंडाशी फेस असेल तर सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य गाठा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हे सारं ओळख पक्की असलेल्या पाळीव सापाबद्दल आहे. धामण, दिवड, अजगर यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरात ठेवता येत नाही, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची २०२४च्या नियमांनुसार पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी लागते. अंगणात निघालेल्या सापावर तर पुठ्ठ्याची नळी अजिबात चालवू नका. बिनविषारी कवड्या समजून विषारी मण्यार उचलल्याच्या गोष्टी गावोगावी आहेत. सर्पमित्राला फोन करा.

जिलबी आता साडेतीन फुटांची आहे. पेटीच्या झाकणावर मुलाने कागद चिकटवलाय: उंदीर दिल्याची तारीख, हात लावायला मोकळीक कधीपासून, कात कधी टाकली. परवा त्यात माझा एक रकाना वाढला, "आईने हात धुतले का?" आणि त्यापुढे रोज टिकमार्क करायला पेन दोरीने बांधून ठेवलंय.