बदकांच्या शिकारीच्या हंगामात कयाकमधून मासेमारी करताना

टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन उपसागराच्या ज्या उथळ, गवताळ खाजणांत रेडफिश हा मासा येतो, तिथेच साधारण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात बदकांचे शिकारी गवताच्या आडोशात बंदूक घेऊन बसलेले असतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार होत नसल्याने ह्यूस्टनला नव्याने आलेल्या आपल्या मंडळींच्या हा धोका पटकन लक्षात येत नाही.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत बदकांवर बंदूक चालवता येते आणि पहाटेचा पहिला प्रहर सर्वांत गजबजलेला असतो. म्हणून त्या दिवसांत सकाळी दहाच्या आधी पाण्यात उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी; तो पाण्यापासून जेमतेम हातभर उंच असतो आणि हिरवा किंवा करडा असेल तर गवतात हरवून जातो. भडक नारिंगी टोपी व जीवरक्षक जॅकेट घालावेच, शिवाय वल्ह्याच्या दोन्ही पात्यांना नारिंगी टेप लावावी, कारण सतत वरखाली होणारी पातीच दुरून आधी दिसतात.

पाण्यावर दहावीस बदके एकाच जागी डुलत असतील आणि तुम्ही जवळ जाऊनही उडत नसतील, तर ती खऱ्या बदकांना भुलवायला ठेवलेली प्लॅस्टिकची नकली बदके आहेत आणि शिकारी अगदी जवळ आहे, हे ओळखावे. अशा वेळी शिटी वाजवून, हात उंचावून आपण असल्याचे कळवावे आणि आल्या वाटेने मागे फिरावे. छरे दोनशे मीटरपर्यंतही येऊन पडू शकतात, त्यामुळे वळसा त्याहून बराच मोठा घ्यावा.